शेवटचा डबल लागू दे

नेकारसुल्म, जर्मनी, २९ डिसेंबर २००७, संध्याकाळ

वैताग आला आज. सुनेचे दिवस भरत आलेत, माझं परतीचं तिकीट दहा तारखेचं, आणि सुधीर तोंड उघडत नाही. राहू का जाऊ, एवढंच विचारलं. तर टीव्हीवरची नजर न हलवता म्हणतो, "आई, हा शेवटचा डबल लागू दे, मग बोलू."

टीव्हीवर काय, तर डार्ट्सची जागतिक स्पर्धा. पोट सुटलेला एक बाप्या भिंतीवरच्या तबकडीत बाण मारतोय. पाचशे एकातून वजा करत करत शून्यावर यायचं, आणि शेवटचा बाण कडेच्या बारीक पट्टीतच बसला पाहिजे. ती पट्टी म्हणजे डबल, तिथं आकडा दुप्पट धरतात. त्याचे बत्तीस राहिलेले, म्हणजे सोळाची पट्टी. माझ्यासारख्या चौथी नापास बाईला कळतं, त्याला लागेना! तिन्ही बाण बाहेर.

आमच्या सुधीरचंही तेच. कारखान्यात वीस माणसांना हुकूम सोडतो, आणि आईला 'राहा' म्हणायला जीभ रेटत नाही? का बायकोनं म्हणायचं, असं ठरलंय दोघांचं?

दुसऱ्या खेळाडूची पाळी आली, तेव्हा एकदाचा पुटपुटला, "आई, मार्चपर्यंत राहशील का गं?"

तेवढ्यात तो पोटवाला परत रेषेवर उभा. बत्तीस तसेच. मी म्हटलं, "थांब रे, हा शेवटचा डबल लागू दे, मग बोलू."

बाळंतिणीचा डिंक आणि अळीव मी येतानाच पिशवीत घालून आणलेत. पण उद्या सकाळपर्यंत सांगायची नाही.