एका फेरीची मालकीण

१२ फेब्रुवारी
आईचा परत तोच प्रश्न — बाकीच्या दोघी पुढे जातात, तू एकच फेरी मारून बाजूला का होतेस? चौदा वर्षं सांगतेय, सायकलच्या सांघिक स्प्रिंटमध्ये पहिलीचं काम तेवढंच! जागेवरून सुटायचं, मागच्या दोघींना वाऱ्याआड ओढत न्यायचं, एक फेरी झाली की ट्रॅकच्या वरच्या कडेला सरकून त्यांना वाट द्यायची. मावशीला तर तिने सांगून टाकलंय, पोरीचा दम कमी पडतो. अकरा देशांत सायकल चालवून आले. पिकतं तिथे विकत नाही.

१९ फेब्रुवारी
जागतिक स्पर्धेसाठी पहिल्या जागेवर एकच जाणार. मी, नाहीतर चिमणी. चिमणी संघातली नवी पोर, एकोणीस वर्षांची. मी चौतीस. ही स्पर्धा हुकली तर पुढची मला नाही. तिचे पाय माझ्यापेक्षा दणकट, पण सुटताना चुकते. चाचणी ५ मार्चला.

२३ फेब्रुवारी
फिजिओताईकडे मांड्या चोळून घेतल्या. तिला जन्मापासून दिसत नाही, पण बोटांना सगळं कळतं. म्हणाली, चोरून जास्तीचं वजन उचललंस. खरंच होतं! मग तिची नेहमीची चौकशी — वळणावर ट्रॅक किती उभा? ब्रेक नसतात तर भीती नाही वाटत? मीही तासभर सांगत बसते.

२७ फेब्रुवारी
चिमणीने विचारलं, ताई, माझं कुठे चुकतं? मला कधीचं माहीत होतं. सुटण्याआधी उलट मोजणीच्या शेवटच्या ठोक्याला कंबर मागे न्यायची असते, ती नेतच नाही. गप्प बसता आलं असतं. सांगून बसले! वर दहा वेळा करूनही घेतलं. आपल्याच पायावर धोंडा.

५ मार्च
मी १९.०८ सेकंद. चिमणी १८.९७.

६ मार्च
आंघोळ करताना रडून घेतलं. मग दुप्पट जेवले. कोचसर म्हणाले, राखीव म्हणून चल. नको म्हटलं. चिमणी गळ्यात पडून माझ्याहून जास्त रडली, तिलाच गप्प करत बसावं लागलं. वाईट वाटतंय आणि तिचा अभिमानही वाटतोय. दोन्ही एकदम — नुसता वैताग!

८ मार्च
लॉकर रिकामा केला. फिजिओताईचा निरोप घ्यायला गेले, तर हात पुसत म्हणाली, "मोकळी झालीस ना? मग माझ्या पुढे बसशील?"
मला काही कळेना. तर म्हणे, दिसत नसणाऱ्यांच्या शर्यती असतात, दोन सीटच्या सायकलवर. मागे खेळाडू, पुढे दिसणारी चालक. तीन वर्षं घरातल्या घरात पेडल मारतेय बाई! इतके दिवस विचारलं का नाहीस, म्हटलं. म्हणाली, "तू रिकामी कुठे होतीस?"
उद्या एकदा बसून बघू म्हटलं. नुसतं बघू.

९ मार्च
पहिल्या वळणावर मी जपून घेतलं. मागून आवाज आला, "एवढंच?"
शर्यतीसाठी आमच्या जोडीचा अर्ज दुपारीच भरला.