आक्कासाठी मोटार-बोट

निपाणी, ५ ऑक्टोबर १९३६
सदाअण्णाची नवी मोटार-बोट आज दूधगंगेत उतरली. चुलतभाऊ म्हणून आम्हीही गेलो. आक्का हौसेनं आधीच जाऊन बसली होती. सगळ्या पाहुण्यांदेखत तो म्हणाला, "आक्का, पहिल्या फेरीला तू नको. उतर." विधवा म्हणून. माझी सख्खी थोरली बहीण लुगडं सावरत चिखलात उतरली, आणि मी उपरण्याशी चाळा करत उभा. याचा सूड घेणार. घेणारच.

७ ऑक्टो.
तंबाखूच्या वखारीत लक्ष नाही. मुंबईच्या बोटीवाल्या एजंटाला पत्र टाकलं.

१९ ऑक्टो.
उत्तर आलं, सोबत दोन चित्रं. लहान : चार माणसं, इंजिन मागं लावायचं. सदाअण्णाची आहे तसलीच. मोठी : बारा माणसं, वर छत, बसायला गाद्या. मोठीच घ्यायची. तिच्या लाटेनं त्याची बोट हिंदकळेल, आत बसलेली त्याची सासुरवाडी भिजेल. नुसतं मनात आणलं तरी आज जेवण गोड लागलं.

२२ ऑक्टो.
नावाडी भीमा आंबीला चित्रं दाखवली. "ल्हान घ्या, मालक. पाणी उतरलं की मोठी खडकावर बसतीया." बसू दे. संक्रांतीपर्यंत फिरली तरी पुरे.
आक्कालाही लहानच हवी. "दोघंच जाऊ की रं पल्याड." हिला कशाचा राग म्हणून येत नाही.

२६ ऑक्टो.
पहिल्या फेरीची यादी केली. बारा जण, सगळे वजनदार. सदाअण्णाला मुद्दाम बोलवायचं आणि जागा नाही म्हणून काठावर ठेवायचं. भटजी म्हणाले, नदीची ओटी भरायला पुढं सवाष्ण हवी. बायकोचं नाव घातलं.

२७ ऑक्टो.
आक्का म्हणाली, यादी वाचून दाखव. वाचता वाचता लक्षात आलं. तिचं नाव नव्हतं. घाईनं म्हटलं, दुसऱ्या फेरीला तू पहिली.
ती भाजी निवडत होती. "सदानं बी दुसऱ्या फेरीला बोलिवलं हुतं मला. मी न्हाय गेले."
हे मला ठाऊक नव्हतं.

३० ऑक्टो.
मोठीत आक्काला पुढं बसवतो म्हटलं, तर बायको म्हणाली, मग पाहुणे चढणार नाहीत. खरं आहे. निम्मे तरी नाहीच चढणार.
लहान घेतली तर यादी नको, भटजी नको. आक्का पुढं, मी इंजिनाशी. पण मग बघायला कोण? सदाअण्णा सुखानं पान खात बसणार.
एजंटाची तार आलीय, लगेच कळवा. कागदावर 'मोठी' लिहिलं, खोडलं. 'लहान' लिहिलं, तेही खोडलं. आक्का आत काम करतेय. तिच्यासाठीच चाललंय हे सगळं, पण सदाअण्णाला सुखानं बसू देणं मला अजून जमत नाही.