वरच्या देवीचा नारळ

तीर्थरूप आईस, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

धर्मशाळेतलं काम बरं चाललंय. खोली कोरडी आहे, जेवणही वेळेवर होतं.

एक चूक झाली. बाबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तू बोललेला नारळ डोंगरावरच्या देवीचा होता, आणि मी तो पायथ्याच्याच देवळात फोडला. पुजारी म्हणाले, "अगं, दोघी सख्ख्या बहिणी. बघून घेतील आपसात." पण मला चैन पडेना. आज दुसरा नारळ घेऊन सगळ्या पायऱ्या चढून आले.

आता तरी पोचला असेल ना?

हे पत्र येईपर्यंत बाबांची पट्टी सुटलेली असेल. त्यांनीच मला गिरवायला शिकवलं, तसं मुद्दाम ठळक अक्षर काढलंय. तू त्यांना वाचून दाखवू नकोस. कागद त्यांच्या हातात दे, आणि काय झालं ते लगेच कळव.

तुझी धांदरट लेक