वीस मिनिटांचं रजिस्टर

८ जून २०२४, शनिवार
नवीन वही, नवीन नियम. वही मी घेतली, नियम आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर श्वेता मॅडमनं काढला.

पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायच्या आधी हातावर कातडीत थेंबभर औषध टोचायचं. भोवती बॉलपेननं गोल काढायचा. पेशंटले वीस मिनिटं समोर बसवायचं अन् मंग गांध उठली का ते पट्टीनं मोजायचं. रजिस्टरात टोचल्याची वेळ वेगळी, पाहिल्याची वेळ वेगळी.

मले शिकवून राहिल्या. सक्करदऱ्यात एकतीस वर्षं कंपाउंडरकी केली मी. मॅडमचं धरमपेठेत बारसं झालं असेल तेव्हा मी इकडे टेस्ट डोस देत होतो. मी नुसता अंगठा फिरवला की समजते. पट्टी शाळेतल्या पोट्ट्यांसाठी असते.

तरी संकल्प: असं रजिस्टर ठेवतो की अख्ख्या नागपुरात कोणाचं नसेल.

आज दीक्षा येऊन गेली. आमच्या गल्लीतल्या संघपालची पोरगी, नववीत आहे. लहानपणी ताप आला, सांधे सुजले, अन् हृदयाची झडप खराब झाली. तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. चार वर्षांपासून मीच देतो. दुसऱ्या कोणाजवळ हातच पुढे करत नाही. संघपाल इतवारीत भांड्याच्या दुकानात कामाले, त्याले पोहोचायची घाई असते. वीस मिनिटं बसवले बापलेकीले. उगाच.

१२ जून
वीस मिनिटांनी धंदा बसवला. सकाळी नऊ जण टेस्टचे. बाक भरला, लाइन पायऱ्यांवर गेली. एक बाई म्हणाली, काहून भाऊ, हाताले शिक्का मारून आमरण उपोषणाले बसवलं का?

मॅडमले सांगितलं की हे जमणार नाही. त्या म्हणाल्या, जमवा.

१३ जून
जमवलं. डोकं लागते.

सकाळी दवाखाना उघडला की रजिस्टरातल्या वीस ओळी आधीच भरून ठेवायच्या. टोचलं १०:००, पाहिलं १०:२०, निगेटिव्ह. टोचलं १०:१०, पाहिलं १०:३१, निगेटिव्ह. नावाची जागा तेवढी कोरी. पेशंट आला की नाव टाकायचं. सगळीकडे वीसच लिहिलं तर खोटं वाटेल म्हणून कुठे एकवीस, कुठे बावीस.

हात पाहायचा तर आहेच. तो मी जाता-येता पाहतो.

१९ जून
मॅडमनं रजिस्टर पाहिलं. म्हणाल्या, चंपतराव, तुमचं अक्षर सुंदर आहे, एकही खाडाखोड नाही. प्रेमिलाले घरी येऊन सांगितलं. ती भाजी निवडून राहिली होती, म्हणाली, बरं. बायकोले कौतुक नसते.

२९ जून, शनिवार
दीक्षा. टोचल्यावर पाचेक मिनिटांत म्हणाली, काका, खाजवून राहिलं. मी म्हणालो, तलावाच्या बाजूले राहतं अन् मच्छराले घाबरतं वं? हसली. अंगठा फिरवला. थोडं फुगल्यासारखं होतं. पण चार वर्षांत जिले काही झालं नाही, तिले आज काय होईल? इंजेक्शन दिलं.

संध्याकाळी संघपालचा फोन. पोटावर, पाठीवर पित्त उठलं, ओठ जरा सुजला. विचारलं, बाहेरचं काही खाल्लं का? त्यानं आठवून सांगितलं की परवा पाणीपुरी खाल्ली होती. पाहा. ॲलर्जीची एक गोळी द्यायले सांगितली, उतरलं.

मॅडमच्या कानावर घालायले पाहिजे. सोमवारी नक्की.

१ जुलै, सोमवार
मॅडमपुढे गर्दी होती.

शिवाय विचार केला. रजिस्टरात दीक्षाच्या नावापुढे निगेटिव्ह लिहून आहे. आता खोडलं तर पहिली खाडाखोड माझ्याच हातची. म्हणजे हात दाखवून अवलक्षण. अन् ते पाणीपुरीचंच होतं, मले शंभर टक्के खात्री आहे.

संकल्प: पुढच्या वेळेस दीक्षाले पूर्ण वीस मिनिटं बसवतो. पट्टी घेऊन.

२० जुलै, शनिवार
लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो, क्रमानं लिहिलं की डोकं शांत राहते.

सकाळपासून गर्दी. माझ्या ओळी घड्याळाच्या पुढे पळाल्या. १०:४० ले दीक्षा अन् तिची आई माया आली. मायानं विचारलं, मागच्या वेळेस अंगावर उठलं होतं, मॅडमले विचारायचं का? मी म्हणालो, मी आहे ना.

टोचलं. गोल काढला. पट्टी ड्रॉवरमध्ये होती, ड्रॉवरपुढे एक जण पाय लांबवून बसला होता. सात-आठ मिनिटं झाली असतील. इंजेक्शन दिलं.

दीक्षा बाकावरून उठली अन् म्हणाली, काका, गळा दाटून राहिला. मंग पडली.

मॅडम धावत आल्या. ॲड्रेनलिन दिलं, दोनदा. ऑक्सिजन मी लावला. ॲम्ब्युलन्समध्ये मॅडम स्वतः गेल्या.

तिच्या हातावर बॉलपेनचा गोल होता. गांध गोलाच्या बाहेर गेली होती. ते तेव्हा दिसलं.

२१ जुलै
आयसीयू. मशीनवर आहे. पोरगी पक्की आहे, उठेल. उठली की तिच्या पसंतीची संत्र्याची बर्फी घेऊन जातो.

२२ जुलै, सोमवार
मॅडमनं रजिस्टर उघडून माझ्यापुढे ठेवलं. दीक्षाची ओळ. टोचलं ११:२०, पाहिलं ११:४१, निगेटिव्ह.

मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "चंपतराव, अकरा एक्केचाळीसला ती दवाखान्यात नव्हतीच. आयसीयूच्या दारात होती, मी तिच्याजवळ होते."

मी सांगितलं की घड्याळ पुढे असेल. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंही नाही. मागची पानं उलटत राहिल्या. पुढच्या दहा ओळी भरलेल्या होत्या, नाव कोणाचंच नव्हतं.

रजिस्टर कपाटात कुलुपात. मले सुट्टी. आराम मिळेल, एकतीस वर्षांत कुठे मिळाला?

२४ जुलै
दीक्षा सकाळी गेली.

हृदय आधीच कमजोर होतं. हे कोणीही डॉक्टर सांगेल.

प्रेमिला मायाजवळ जाऊन बसली. मी नाही गेलो. तब्येत बरी नव्हती.

२९ जुलै
मॅडमचा फोन. चौकशी लागली आहे, रजिस्टर त्यांनी स्वतःहून दिलं. म्हणाल्या, "बाहेरून कळण्याआधी संघपालला तुम्ही सांगा. तेवढं तरी करा."

सांगतो म्हणालो. सांगायले मी काय भितो?

२ ऑगस्ट
संघपालच आला. रविवारी दीक्षाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, त्याचं सांगायले. दाढी वाढलेली. जय भीम केला, खुर्चीच्या काठावर बसला. प्रेमिलानं पाणी दिलं, ते हातातच धरून ठेवलं.

मंग म्हणाला, "भाऊ, लोक काही काही बोलून राहिले. मी कोणाचं ऐकलं नाही. तुम्ही तिचा हात पाहिला होता ना?"

मी म्हणालो, "हो. पाहिला होता."

"मंग ठीक आहे," म्हणाला. पाणी पिलं. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, तिले तुमच्याच हातचं पाहिजे राहायचं.

४ ऑगस्ट
कार्यक्रमाले गेलो नाही. पाय दुखून राहिले होते. प्रेमिला एकटी गेली अन् आल्यावर माझं ताट वाढून आत निघून गेली.

१० ऑगस्ट, शनिवार
आज तिची तारीख. एकवीस दिवस झाले.

सकाळी १०:४० ले टेबलाशी बसलो. बाही वर केली, बॉलपेननं हातावर गोल काढला. घड्याळ समोर ठेवलं अन् पाहत बसलो. टोचलं काहीच नाही, नुसता बसलो. पाच मिनिटांत कंटाळा आला. आठ मिनिटांनी उठावं वाटलं, इथेच मी उठत होतो. प्रेमिलानं विचारलं, काय करून राहिले जी? म्हणालो, बसलो आहे.

अकरा वाजले. झाली वीस मिनिटं. एवढंच होतं. पोरीजवळ एवढंच बसायचं होतं.

मी तिचा हात पाहिला नव्हता. पहिल्या वेळेस तिनं तोंडानं सांगितलं होतं, दुसऱ्या वेळेस तिच्या कातडीनं, अन् मी पाहिलं नाही. हे इथे लिहिलं. खाडाखोड करणार नाही.

संघपालले सांगायचं आहे. आज तो दुकानात असेल. उद्या रविवार, घरी पाहुणे असतील.

सोमवारी नक्की.