दारू सुटल्यानंतरचा माणूस

बाबा, आज इथल्या, परदेशातल्या एनिस गावच्या व्यसनमुक्ती केंद्राने मला सांगितलं की आता तू आली नाहीस तरी चालेल, आणि सिटीवेस्टच्या माझ्या घरी पोचेपर्यंत मी गाडीत एकटीच हसत होते. तुम्हाला वाटेल, पोरीची नोकरी गेली आणि हिला हसू येतंय. नोकरी शाबूत आहे. अशा केंद्रांना दारूबरोबर नैराश्यावरही नीट उपचार करायला शिकवायचं, हेच माझं काम. जिथे माझी गरज उरत नाही तिथे मी जिंकले असं समजायचं, आणि या केंद्राने मला भरपूर झुलवलं होतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या मुख्य समुपदेशक बाईंनी चहा दिला आणि सरळ सांगितलं, "हे बघ, आम्ही इथे दारू सोडवतो. आधी ती सुटू दे, मन आपोआप ताळ्यावर येतं." हेच पुण्याच्या डॉक्टरांनी तुमच्याबद्दल आईला सांगितलं होतं. मला अजून दिसतं, तुम्ही पुण्याच्या केंद्रातून परत येता, आई पुरणपोळ्या करते, काका पाठीवर थाप मारून म्हणतात, "सुटली ना? मग तोंड पाडून का बसलायस?" स्वयंपाकघराच्या दारात बसून तुम्ही म्हणता, "बरंय." वर्कशॉपला जाणं बंद, कॅरम बंद, जेवण नावाला, आणि घरात सगळे खूश, कारण तोंडाला वास नाही. दिवाळीनंतर तुम्ही पुन्हा प्यायला लागलात आणि त्यातच गेलात. लोक म्हणाले, त्याला सुधारायचंच नव्हतं. मला त्या लोकांचा आजही राग येतो.

बाईंशी मी भांडले नाही, पण हटलेही नाही. दोन्ही दुखण्यांवर एकदमच उपचार करावेत, दारू सुटायची वाट बघू नये, हे हळूहळू त्यांना पटलं. घोडं अडलं भलत्याच जागी. नैराश्य ओळखायचे ठरलेले प्रश्न मी गटात, गोल बसवून विचारायला लावले, आणि सगळ्यांचं एकच उत्तर आलं, "ग्रँड." या देशात पाय मोडलेला माणूसही कसा आहेस विचारलं की ग्रँड, म्हणजे एकदम मस्त, असंच म्हणतो. इतकी वर्षं इथे राहून हे माझ्या डोक्यात येऊ नये? बाईंनी मला मनसोक्त खिजवलं. "समोरासमोर बसवल्यावर कोण बोलेल गं? कप धुताना विचार." गट संपला की तिथे दोघं-दोघं मिळून सगळ्यांचे कप धुतात, पुसतात आणि प्रेसमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत कपाटात, लावतात. त्या दिवसापासून बाई स्वतः मोरीपाशी उभ्या राहायला लागल्या. नळाकडे बघत तेच प्रश्न, शब्दही न बदलता. एक उंच, अबोल सुतार कप पुसता पुसता म्हणाला, "दारू सोडून वर्ष होत आलं. सकाळी उठावंसंच वाटत नाही."

त्याला कुणी दुसऱ्या दवाखान्याचा रस्ता दाखवला नाही. तिथल्याच डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, दर आठवड्याला तिथेच बोलणं, आणि त्या बोलण्यात ठरलेलं एखादं छोटं काम, मन नसलं तरी करायचं. त्याने शेजारणीच्या कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करून दिलं. मधे एकदा तो पुन्हा प्यायला. पूर्वी त्याला सांगितलं असतं, आधी दारू सोड, मग ये. या वेळी बाईंनी फोन करून बोलावून घेतलं आणि दोन्ही उपचार चालूच ठेवले. मला तेव्हाच कळलं होतं की हे आता मागे फिरणार नाहीत.

आज पोचले तर बाई एका नव्या समुपदेशकाला हे सगळं शिकवत होत्या, माझ्यापेक्षा चांगलं. मला खुर्चीसुद्धा ठेवली नव्हती. "आता तू आली नाहीस तरी चालेल," त्या म्हणाल्या, "चहाला मात्र येत जा." इतका गोड नकार मला आयुष्यात मिळाला नव्हता. आपण जिंकलो, बाबा. त्या केंद्रात यापुढे दारू सुटलेल्या माणसाला कुणी तोंड का पाडलंय म्हणून टोचणार नाही, त्याला विचारतील, आणि उत्तर येईपर्यंत थांबतील.

हे पत्र कुठेच जाणार नाही, तेव्हा एक कबूल करते. निघताना स्वयंपाकघरातून कुणीतरी खदखदून हसल्याचं ऐकू आलं. "तो सुतार," बाई म्हणाल्या. मी आत डोकावले नाही. तुमचं तसं हसणं मी कधी ऐकलेलंच नाही, म्हणून गाडीत बसल्यावर ते तुमचं समजून ठेवून घेतलं.