करवंदांचं कॉब्लर

चैत्र वद्य ५, अमरावती

ह्यांनी आजही पोळी अर्धी टाकली. बॅरिस्टर होऊन आल्यापासून रोजचंच. सासूबाई म्हणाल्या, "विलायतेत काय सोन्याचा घास गिळत होता रे?" तर म्हणाले, रविवारी जेवणं झाली की घरमालकिणीकडे कॉब्लर असायचं. खाली फळं, वर मैद्याचे गोळे, भट्टीत भाजायचं, गरम असतानाच वर साय. सांगताना तोंड कसं उजळलं होतं.

सहा वर्षं हे तिकडे, मी अकोल्याला बाबांकडे. आल्यापासून माझ्याशी बोलणं म्हणजे "कोट कुठाय" आणि "दिवा बारीक कर". एका पदार्थावर आज इतकं बोलले.

मी करणार.

चैत्र वद्य ८

सा.बाईंनी विचारलं, कॉब्लर म्हणजे काय. हे सहज बोलून गेले, "शब्दाचा अर्थ विचारशील तर जोडे शिवणारा." झालं! "माह्या चुलीवर नाही होनार ते."

परसात गोठ्यामागे दगड मांडले. पातेल्यात वाळू, त्यात पितळी, वर झाकण, झाकणावर निखारे. भट्टी म्हणायची ती हीच.

वैशाख शुद्ध १

पपईचं केलं. अखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, आंबा घरात येत नाही, म्हणून पपई. वरचे गोळे दगड, खाली नुसतं पाणी. ह्यांनी एक चमचा घेतला. "असं नसतं ते." इतकंच.

मी म्हटलं, "मले दाखवा ना कसं असते."

"मले नाही, मला. आणि असते नाही, असतं."

उरलेलं गाईला घातलं. तिनं खाल्लं.

वैशाख शुद्ध ६

आंब्याचं. ह्या वेळी मैद्यात लोणी जास्त, आंबट दही, चिमूटभर सोडा. गोळे फुलले, वरून लालसर झाले. मी मनातून खूश. हे म्हणाले, वरचं बरं आहे, पण फार गोड. आंबटपणा पाहिजे. तिकडे कुंपणाच्या काट्यांत काळी फळं लागायची, "आम्ही तोडायला जायचो, हात जांभळे व्हायचे."

"आम्ही म्हणजे कोण?"

"घरातली माणसं."

वैशाख वद्य २

निखारा मनगटावर पडला. फोड आला. सखू माळीण भाजी घेऊन परसदारी आली होती, तिनंच कोरफड चिरून लावली. "काहून जीव जाळून राहिल्या बाई, या उन्हात?"

"साहेबांले आवडते म्हणून."

"माह्या नवऱ्याले नाही आवडलं तरी खाते तो." आणि हसली.

काट्यातल्या काळ्या फळांचं तिला सांगितलं. "करवंदं म्हना ना! चिखलदऱ्याकून टोपले येऊन राहिले बाजारात. उद्या आनतो."

वैशाख वद्य ४

दुपारभर करवंदांच्या बिया काढल्या. बोटं चिकाने चिकट, नखं काळी. सा.बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हटलं, आता सोवळ्यावरून बोलणार. तर वाटी पुढे केली. "साय काढून ठेवली होती. घे." कधी नव्हे ते बरं वाटलं. ह्या घरात आपलं काही बस्तान बसतंय असं…

गूळ थोडाच घातला. निखारे आज बरोबर लागले. गोळ्यांच्या मधून जांभळा रस उकळून वर आला.

वैशाख वद्य ५

काल पुढचं लिहिता आलं नाही. आज लिहिते.

ह्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग सगळं खाल्लं. पुन्हा मागितलं, तेही खाल्लं. मी वारा घालत उभी. ह्यांचे डोळे मिटलेलेच. म्हणाले, "डोरा," आणि पुढे इंग्रजीत काहीतरी. हळू. असं हळू माझ्याशी कधी बोलले नाहीत.

माझा हात थांबला. वारा थांबल्यावर ह्यांनी डोळे उघडले.

"डोरा कोण?"

"घरमालकिणीची मुलगी."

"हे ती करायची?"

"हो."

मी तिथून हलले नाही. मग आपणच सांगायला लागले, पितळीकडे बघत. लग्न करायचं ठरलं होतं. माझं तिला सांगितलं नव्हतं. अगदी शेवटी सांगितलं.

"मग?"

"मग काय. बोटीत बसलो."

"तुम्ही सोडून आलात की तिनं जा म्हटलं?"

उठून हात धुवायला गेले.

पितळीत थोडं उरलं होतं. मी चाखलं. इतक्या दिवसांत मी ते कधी खाल्लंच नव्हतं. चांगलं झालं होतं. त्याचाच जास्त राग येतो.

वैशाख वद्य ८

रविवारी मॅजिस्ट्रेट साहेब जेवायला. हे म्हणाले, "तेच कर, करवंदांचं."

मी नाही म्हटलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

"अगं, पदार्थच आहे तो."

"मग साहेबांच्याच खानसाम्याकडून करून घ्या."

सा.बाईंनी ऐकलं. दुपारी मला जवळ बसवून म्हणाल्या, "आला ना घरी? मग कायले उकरत बसतं? प्रायश्चित्त काय नुसतं समुद्र ओलांडल्याचं घेतलं त्यानं? मले तवाच सांगितलं होतं सारं." आणि मग, तांदूळ निवडता निवडता, "तुह्या बाबांलेही ठाऊक हाय."

बाबांना.

पुढचं काही कानात गेलं नाही.

वैशाख वद्य १०

धाकट्या भावाची मुंज आहे, त्या निमित्ताने अकोल्याला निघाले. मुंजीला अजून वेळ आहे. कोणी अडवलं नाही. हे बडनेऱ्यापर्यंत आले, गाडीत बसवून दिलं, पाण्याचा तांब्या भरून आणला. माणूस वाईट नाही, असंच सगळे म्हणतील. मीही म्हटलं असतं.

वैशाख अमावास्या, अकोला

बाबा शाळेतून आले. पगडी खुंटीला लावेपर्यंतसुद्धा मला दम निघाला नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं नाही. "होतं," म्हणाले.

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? मी माझ्या हाताने मुलीचं घर मोडायचं?"

"सहा वर्षं तुमच्या ओसरीवर इंग्रजीचं पुस्तक घेऊन बसले मी. बॅरिस्टरची बायको अडाणी नको म्हणून तुम्हीच बसवलं."

आई विळीवर वांगी चिरत होती. तिनं विळी आडवी केली. "माह्यापासूनही लपवलं तुमी?" बाबांना असं विचारताना मी तिला कधी पाहिलेलं नाही. वांगी तशीच काळी पडली. जेवायला नुसतं पिठलं.

ज्येष्ठ शुद्ध ४, अकोला

मुंज झाली. हे मुंजीला आले नाहीत, आज सकाळच्या गाडीने आले. बैठकीत बसले. बाबांनी मला हाक मारली आणि आपण बाहेर निघून गेले.

"चल," म्हणाले. "आई विचारते रोज."

"तुम्ही?"

"मीही."

मी म्हटलं, "तिला माझं सांगितलं नाही, मला तिचं सांगितलं नाही. दोघींना सारखंच वागवलंत."

"तू माझी बायको आहेस."

"ते तिलाही कळायला हवं होतं. वेळेवर."

मान खाली घालून म्हणाले, "मी परत आलो ना."

"कोणासाठी?"

मला वाटलं, आता तुझ्यासाठी म्हणतील. म्हटलं असतं तर मी कदाचित उठलेही असते. ह्यांनी खूप विचार केला. खरंच केला, कपाळावर दिसत होतं. "माहीत नाही," म्हणाले.

आल्यापासून माझ्याशी खरं बोललेलं हे पहिलंच वाक्य असावं. त्यानेच सगळं जड झालंय. खोटं बोलले असते तर रागावून मोकळी तरी झाले असते.

जेवले नाहीत. संध्याकाळच्या गाडीने एकटेच गेले. दारात विचारलं, "कधी येशील?" मी तिथून हलले नाही, टांगा वळेपर्यंत.

ज्येष्ठ शुद्ध ५

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आईमार्फत निरोप: मुलीच्या जातीला इतका हेका बरा नाही. आईनं निरोप सांगितला आणि आपलं मत काही सांगितलं नाही.

सकाळी तिनं माझी ट्रंक उघडली. सगळी लुगडी काढून परसात उन्हात घातली. भरायच्या आधीही लुगड्यांना ऊन दाखवून घेतात आणि कपाटात ठेवायच्या आधीही. कशासाठी, तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. दोघी मिळून ती उलटीपालटी करत बसलो.