मुठीतली ऊब

प्रिय ताई,

हे तिसरं पत्र. आधीची दोन टेबलाच्या खणात पडून आहेत, हेही बहुतेक तिथेच जाईल.

काल तरुण संशोधकाचा पुरस्कार देताना मला स्टेजवर विचारलं, "ही कल्पना सुचली कशी?" मी खुशाल म्हणाले, "एकदा वॉर्डात उभी होते, तेव्हा सुचली." तू तिसऱ्या रांगेत होतीस, ड्यूटी बदलून आलेली. पहिली टाळी तुझीच वाजली.

बाळाचा पाय गार असला की ऑक्सिजनचं मशीन चुकीचा आकडा दाखवतं, म्हणून आधी तो मुठीत धरून गरम करायचा, ही बावीस वर्षं नर्स असलेल्या तुझी अक्कल. मी नुसती मोजमापं केली. शोधनिबंधाच्या आभारांतसुद्धा तू नाहीस. "नर्सचं नाव कशाला?" असं सर म्हणाले आणि मी नंदीबैलासारखी मान डोलावली.

खाली आल्यावर तू माझा हात धरलास. "किती गार पडलीयेस गं!" म्हणत ऊब येईपर्यंत मुठीतून सोडला नाहीस. तेव्हा तरी सांगायचं होतं.

मी म्हणाले, "एसी जास्त आहे."

तुझं,
तोंड लपवून बसलेलं शेंडेफळ